डाव्या काखेत मावणारा लॅपटॉप

मी लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि माझ्या सगळ्या नोट्स लॅपटॉपमध्ये असतात. जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड होता, शिवाय आता मधेच बंद पडायचा. नवा घ्यायला गेले, तर दुकानदार मोठ्या स्क्रीनचा आग्रह धरून बसला. मी एकेक लॅपटॉप डाव्या काखोटीला मारून दुकानाच्या दारापर्यंत पळून बघू लागले. तो हसला. माझं डोकं फिरलं.

"काय हसायलात? भूकंपात आईनं मला हाताला धरून बाहेर काढलं. आता तिला झटकन उठता येत न्हाई. माझा उजवा हात तिच्यासाठी मोकळा पाहिजे."

तो औशाकडचा, भूकंपाच्याच पट्ट्यातला. भूकंप म्हटल्यावर त्यानं मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप मिटून ठेवला. सगळ्यात छोटा लॅपटॉप त्यानं माझ्या हाती दिला, वाटेतलं स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "आता पळा, ताई."