हमीदभाईंचं न परतलेलं विमान

हमीदभाई गेल्याचं मला बेंबळीच्या एसटीत कळलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमचे विमानवाले गेले की, आप्पा." पोचलो तोवर दफनही उरकलं होतं... शेवटचं तोंड पाहता आलं नाही, ही रुखरुख आता जन्माची.

एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात लढाऊ विमानांच्या इंजिनांवर फिटर होते. नोकरी सोडून गावी आले ते ऐन बहात्तरच्या दुष्काळात. मी सहकारी सोसायटीचा सचिव. विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांच्या हवाली करून निर्धास्त झालो. कसला निर्धास्त! आवाज जरा बदलला की हे महाशय इंजिन बंद करत. एकदा घागरींची रांग पार देवळापर्यंत गेलेली, आणि यांनी अख्खं इंजिन खोलून गोणपाटावर मांडलं. बायका करवादल्या, मीही तापलो. दुपार कलली तरी आत काही म्हणजे काही निघालं नाही.

पाणी सुरू झाल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा लिंबाखाली बसून ते प्रथमच बोलले. लढाईत विमान उतरलं की इंधन भरून, दारूगोळा चढवून लगेच परत पाठवायचं. एरवीची सावकाश तपासणी तिथं कुठली? एका सकाळी त्यांना इंजिनात बारीकशी खरखर वाटली. त्यांनी थांबण्याची खूण केली. पायलट पोरगेलासा, हसून हातानंच म्हणाला, आल्यावर बघू. काटे तर सगळे जागच्या जागी होते. हमीदभाईंनी हात हलवून जाऊ दिलं. ते विमान परत आलं नाही. शत्रूच्या तोफेनं पाडलं, असं सगळे म्हणाले.

"तोफेनंच पाडलं आसंल," हमीदभाई म्हणाले. "पर खरं काय ते मला कोन सांगनार, आप्पा? हात तर म्याच हलवला."

त्यानंतर इंजिन बंद करताना मी त्यांना कधी अडवलं नाही. सोसायटीत माझ्या नावानं शिमगा व्हायचा, तो होऊ दिला.

परवा भाभींना भेटायला गेलो. इद्दतीचे, नवऱ्यामागं घराबाहेर न पडण्याचे दिवस, म्हणून त्या दारावरच्या पडद्याआड; मी अंगणात बाजेवर. हमीदभाईंच्या शेवटच्या दुखण्याचं सांगत होत्या, तेवढ्यात उंचावरून विमानाचा आवाज आला आणि त्या मध्येच थांबल्या. मला वाटलं, हुंदका आला. आवाज पार विरेपर्यंत पडद्यामागं सामसूम... मग म्हणाल्या, विमान आलं की ते हातातला घास ठेवून अंगणात यायचे, आणि दिसेनासं होईपर्यंत आत येत नसत.

"मला भायेर येता येत न्हाय, भाऊजी. तुमी बघितलं न्हवं? नीट गेलं ना?"

मी वर पाहिलंच नव्हतं.

"व्हय भाभी," मी म्हणालो, "नीट गेलं."