पाटलांचा दुसरा जबाब

"आपलाच हाय त्यो," असं म्हणून पाटील समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत. हात जड होता, आणि एकदा ठेवला की चहा येईपर्यंत उचलत नसत. नवा तलाठी, एसटीचा कंडक्टर, नगरहून आलेला डॉक्टर, कोणीही असो. पाटील त्याचं आडनाव विचारत, कुठल्या तरी मेव्हण्याच्या मावशीपर्यंत पोचत आणि त्याला आपला करून टाकत. ज्याला आपला करायचं त्याचीही काही इच्छा असू शकते, हे त्यांना कधी सुचलं नाही.

पाटीलकी कायद्यानं जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावातून ती गेली, पाटलांच्या अंगातून गेली नाही. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, मी तिथल्या शाळेत मास्तर. चावडीवरून जाताना मी मान खाली घालून जाई, कारण मलाही आपला करून त्यांनी माझी सायकल आठवडाभर वापरली होती. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. मनानं वाईट नसतो, पण त्याच्या मोठेपणाचा भुर्दंड नेहमी दुसऱ्यालाच बसतो.

दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामाचा साहेब आला. पाटलांनी त्याला आपला करून जेवायला बसवलं आणि बढाईच्या भरात सांगितलं, "आमच्या गावाला काय कमी न्हाई." साहेबानं ढेकर दिला आणि काम पलीकडच्या गावाला दिलं. आमची माणसं उन्हाळाभर तिकडे खडी फोडायला चालत गेली, आणि पाटील म्हणत राहिले, "साहेब आपलाच हाय, फुडच्या खेपेला बघू."

हेही हसण्यावारी नेलं असतं, नर्सबाईंचं प्रकरण झालं नसतं तर.

नर्सबाई हॉलंडच्या. तरुणपणी इकडे आल्या, आमच्या गावात दवाखाना काढला आणि राहिल्या. अंगावर सुती लुगडं, पायात टायरच्या चपला आणि बोलणं आमच्या बायांचं. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनी कापलेली. पण सरकारच्या लेखी त्या परदेशी. दरवर्षी नगरला जाऊन मुक्कामाचा परवाना वाढवून आणायचा. एका वर्षी तिथल्या साहेबांनी सांगितलं, परवाना यापुढे वाढणार नाही. राहायचं असेल तर नागरिकत्वाचा अर्ज करा, नाहीतर आपल्या देशी जा. बाईंचं तिकडे कोणी उरलं नव्हतं. अर्ज मी लिहून दिला.

एक अट होती. बाई काही वर्षं इथं राहिल्या आहेत आणि शेवटचं वर्ष तर सलग राहिल्या आहेत, हे गावातल्या माणसांनी सांगायला हवं होतं. याहून सोपं काय असणार? पोलीस जमादार जबाब घ्यायला आले तेव्हा मी शाळेत होतो आणि बाई एका बाळंतिणीकडे. चावडीवर अर्थातच पाटील पुढे झाले.

"नर्सबाई किती वर्षं इथं राहतात?" जमादारांनी विचारलं.

"किती म्हंजी? जल्मल्यापासनं," पाटील म्हणाले. "आपल्याच हायेत. ह्या चावडीमागं त्यांचा पाळना हलला."

पाटलांना खोटं पाडायचं कोणी? बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जमादारांनी त्या निळ्या डोळ्यांच्या बाईंचा पाळणा कागदावर उतरवून घेतला, खाली अंगठे घेतले आणि चहा पिऊन गेले.

पुढं नगरहून बोलावणं आलं. अर्जात जन्म हॉलंडचा, जबाबात चावडीमागचा. दोन्हींतलं एक खोटं, आणि खोटं सांगणाऱ्याला नागरिकत्व नाही. पाटलांनी स्वतः येऊन जबाब दुरुस्त केला तरच काही होईल.

मी पाटलांना नको नको ते बोललो. "तुमच्या बढाईपायी बाईंना देश सोडावा लागेल," म्हणालो.

"मी काय वंगाळ बोललो, गुरुजी? परकी म्हनू का तिला?"

"हो. तेच म्हणायचं आहे."

आम्ही तिघं एसटीनं नगरला गेलो. पाटलांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. कचेरीतल्या कारकुनाला त्यांनी आपला केला नाही, आडनावसुद्धा विचारलं नाही.

"बाई इथल्या की परदेशी?" कारकुनानं विचारलं.

पाटील फेटा सारखा करू लागले. कारकुनानं पुन्हा विचारलं.

"भाऊसाहेब," पाटील म्हणाले, "बाईंना भाईर बसवा. त्यांच्या तोंडावर न्हाई जमायचं."

बाई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पाटलांनी दार लोटून घेतलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "परक्या हायेत. दुसऱ्या मुलखातनं आल्या. आमच्या न्हाईत. पन..."

"पण नको. राहतात कधीपासून?"

धाकट्या मुलाच्या बाळंतपणाला बाई घरी आल्या होत्या, ते साल पाटलांनी बिनचूक सांगितलं. त्यानंतर गाव सोडून गेल्या नाहीत, हेही सांगितलं. एवढं ठाऊक असताना चावडीवर पाळणा हलवायची काय गरज होती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सही झाल्यावर दार उघडायला पुढे केलेला तो जड हात त्यांनी मागे घेतला, बाहेर बाई बसल्या होत्या; म्हणून ते मी ओठांवरच ठेवलं.

परतीच्या गाडीत त्यांनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पुढे कित्येक दिवस ते दवाखाना टाळून लांबच्या वाटेनं मळ्यात जात. बरी खोड मोडली, असं मी शाळेत सांगत असे.

पाटील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चावडीवरून मी मान वर करून जातो, खांद्यावर कोणी हात ठेवत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला सोसत नाही. त्यांची आठवण निघाली की बाईंना नागरिकत्व मिळाल्याचा कागद आला तो दिवस आठवतो. बाई कागद घेऊन तडक मळ्यात निघाल्या, मागोमाग मी. पाटील विहिरीवर बसले होते. बाईंना बघून उठले, पण नजर वर करेनात.

"बघा, पाटील, मिळालं," बाई म्हणाल्या.

पाटलांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आता बोलू का?"

"बोला की."

शेजारच्या रानातला गडी बैल पाजायला आला होता. पाटलांनी त्याला हाक मारली. "ऐक रं. ह्या बाई आपल्याच हायेत."

गडी बुचकळ्यात पडला. "मग? न्हाई कोन म्हनलं, पाटील?"

"मी," पाटील म्हणाले, आणि तिथंच विहिरीच्या काठावर खाली बसले.