मी त्यांचा इन्शुरन्स होते

कर्णिक मॅडमनी माझ्या बॅगेतून ड्रायव्हर उपसून काढला आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत टाकला.

त्या आमच्या क्लबच्या टीमच्या मॅनेजर. मला विचारलंसुद्धा नाही. क्लबच्या पार्किंगमध्ये, अख्ख्या टीमसमोर. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यांत लांब मारणारी काठी. आणि सगळ्यांत बेभरवशाची.

"तुला हा लागणारच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तू फक्त बॉल खेळात ठेव. बाकी सई बघेल."

डिकी धाडकन बंद झाली.

मी म्हणाले, "हो मॅडम."

सई माझी जोडीदार. ती शेजारीच उभी होती. मॅडम बोलायला लागल्या तशी ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

आमचा खेळ जोडीचा. दोघी आपापला चेंडू खेळायच्या आणि प्रत्येक होलला जिचे फटके कमी, तिचे जोडीचे म्हणून धरायचे; ज्या जोडीचे कमी, होल तिचं. त्यामुळे एकीने आधी जपून खेळून घ्यायचं. तिचा चेंडू गवतावर नीट पडला, की दुसरी बिनघोर मोठा फटका मारायला मोकळी. गेला पाण्यात तरी बिघडत नाही, पहिलीचा आहेच.

पहिली मी. कायम मीच.

आमच्या क्लबचं सोळावं होल यासाठी प्रसिद्ध होतं. चार फटक्यांत संपवायचं, पण आखूड. ताकद असेल तर पहिल्याच फटक्यात थेट ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची हिरवळ, गाठता यायची. मात्र ग्रीनच्या तोंडाशी तळं. जपून खेळायचं तर छोटी काठी घ्यायची, तळ्याच्या अलीकडे सपाटीवर चेंडू ठेवायचा, मग पाण्यावरून हलकेच उचलून टाकायचा. मी ते झोपेतही केलं असतं. त्या दिवशीही केलं. मग सईने ड्रायव्हर घेतला, दोन पावलं मागे सरकली, हसली आणि मारला. चेंडू तळं ओलांडून ग्रीनवर. टाळ्या. आम्ही जिंकलो.

संध्याकाळी लॉनवर चहा होता. मॅडमनी सईला जवळ घेतलं. मग पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, "आणि ही आमची इन्शुरन्स पॉलिसी. हिच्याकडून चूक होत नाही. यांच्या घरी रिस्क परवडत नाही ना!"

सगळे हसले.

मीही हसले. ते हसू मला अजून तोंडात जाणवतं. कडू.

आम्ही खडकी बाजारातले. चार पिढ्या तिथेच. आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे कमी झाले, तसे अब्बा गोल्फच्या बॅगा शिवायला लागले. क्लबच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली त्यांना एक खोली दिली होती. फाटलेल्या बॅगा, काठ्यांच्या मुठींवरच्या झिजलेल्या ग्रिपा, तुटलेले पट्टे, सगळं तिथे यायचं. शाळेला सुट्टी लागली की मी तिथेच. कुणीतरी टाकून दिलेल्या काठ्यांना अब्बांनी ग्रिपा चढवल्या आणि मला दिल्या. त्या काठ्यांनी मी शिकले. पुढे क्लबच्या कोचनी मला बघितलं. मग क्लबने मला खेळायची 'सवलत' दिली. मेंबरशिप नाही. सवलत.

सवलतीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. पण ते मला पाठ होते. डायनिंग हॉलमध्ये बसायचं नाही. मेंबर आले की टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मोकळी करायची. मॅचच्या दिवशी बाकीच्या मुली आत जेवायच्या. मी अब्बांच्या खोलीत, चामड्याच्या वासात, अम्मीने दिलेला डबा उघडायची.

घरी एकच शब्द होता. जपून. शहरात कुठे काही झालं, की अम्मी दाराला आतून कडी घालायची आणि म्हणायची, जपून. कॉलेजला निघाले, जपून. बसमध्ये कोणी वाकडं बोललं तर उलट बोलू नकोस, जपून. अम्मीचं चुकत नव्हतं. तिने जे बघितलं होतं त्यातून तो शब्द आला होता. पण तो माझ्या हातात उतरला होता. काठी धरली की तोच पहिला यायचा.

आणि मला वाटायचं, माझा स्वभावच असा.

सोमवारी मेंबर खेळत नसत. त्या दिवशी संध्याकाळी स्टाफला थोडा वेळ कोर्स मोकळा असायचा. चहापार्टीनंतरच्या सोमवारी मी एकटीच सोळाव्या टीवर गेले. मॅडमनी परत केलेला ड्रायव्हर होताच. चेंडूखालची खुंटी रोवली. मारला.

पहिला पाण्यात. दुसराही. तिसरा तळ्यावरून गेला, पलीकडच्या काठावर आपटला आणि उडी मारून ग्रीनवर गेला.

मी तिथेच खाली बसले. आनंद नव्हता तो. राग होता. हे मला येतं, हे मलाच माहीत नव्हतं. का नव्हतं? कधी कोणी मारूच दिला नव्हता. आणि मीही कधी मागितला नव्हता.

फायनल आमच्याच कोर्सवर होती. आदल्या दिवशी सराव संपल्यावर मी सईला म्हणाले, "उद्या सोळाव्याला मी मोठा मारते. तू आधी जपून खेळ."

ती हसायला लागली. मग मी हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं.

"अगं, पण तू सेफ किती छान खेळतेस!"

"तू खेळून बघ ना कधीतरी."

"मला नाही जमत ते. बोअर होतं मला."

"मलाही होतं, सई."

ती हातमोजा काढायला लागली. म्हणाली, "मॅडमना विचारू या का?"

"मी तुला विचारतेय."

ती बॅग उचलून गाडीकडे चालायला लागली.

सकाळी पार्किंगमध्ये मॅडमनी पुन्हा माझ्या बॅगेकडे हात नेला. मी बॅगेची चेन घट्ट धरली.

"नको मॅडम."

"म्हणजे?"

"ड्रायव्हर राहू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघत असाव्यात. "ठेव बाई. वजन तुलाच उचलायचंय," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सोळाव्या टीवर आलो तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. समोरच्या दोघींनी जपून खेळून चेंडू सपाटीवर ठेवले. दोरीपलीकडे मेंबर, त्यांची मुलं. मॅडम टीच्या कडेला. मागे, टाकीच्या बाजूला, अब्बा आलेले दिसले. हातात चामडं शिवायचा टोच्या तसाच.

मी सईकडे बघितलं. "जा तू आधी." ती जागची हलली नाही. कधीच आधी गेली नव्हती ती.

मी ड्रायव्हर काढला.

"छोटी आयर्न घे," मॅडम म्हणाल्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही."

"अगं, तू कोणासाठी खेळतेयस?"

मी चेंडू लावला. मारला.

हाताला कळतं. चांगला बसला होता. चेंडू उंच गेला, तळ्यावर गेला, पलीकडे पडलाही. पण काठाच्या उतारावर. क्षणभर थांबला. मग हळूहळू मागे घसरत आला आणि पाण्यात गेला. पाणी फारसं उडालंसुद्धा नाही.

आता सईची पाळी. आता तिच्यामागे कोणी नव्हतं. तिने ड्रायव्हर घेतला, परत ठेवला. छोटी काठी घेतली, तीही ठेवली. शेवटी मधलीच कुठलीतरी घेऊन मारली. चेंडू उजवीकडच्या बाभळींत. ती तिथेच उभी राहिली. तिचं ते हसू, ते दोन पावलं मागे सरकणं, सगळं माझ्या चेंडूवर उभं होतं. हे मला तिथे कळलं. तिलाही कळलं असावं. ती माझ्याकडे बघेना.

ते होल गेलं. सतरावंही गेलं. दोनने मागे, आणि होल उरलं एकच. मॅच गेली.

मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "म्हणूनच सांगत होते. तुम्हा लोकांना जरा मोकळीक दिली की असं होतं."

सईच्या फटक्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तो तिचा वाईट दिवस होता. माझा मात्र माज होता.

त्याच आठवड्यात क्लबने माझी सवलत काढून घेतली. अब्बांची खोली स्टोअरसाठी लागणार असं निघालं.

अम्मी रडली. म्हणाली, एका फटक्यासाठी? अब्बा खोली रिकामी करत होते. हत्यारं गोणपाटात बांधताना एकदाच वर न बघता म्हणाले, "बराबर मारी थी क्या?"

"हां."

ते पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. ते दोरीला गाठ मारत राहिले. त्या गप्प बसण्यात मला माफी होती की नाही, मला माहीत नाही. अजून माहीत नाही.

काही दिवसांनी सई घरी आली. खडकीच्या आमच्या गल्लीत पहिल्यांदाच. अम्मीने चहा केला. सईने कप हातात धरून ठेवला.

"मॅडम म्हणाल्यात, तू येऊन सगळ्यांसमोर सॉरी म्हण. मग सवलत परत चालू करतील. काकांची खोलीसुद्धा."

अम्मीने माझ्याकडे बघितलं. अब्बा दाराशी शिवत बसले होते. त्यांचा हात थांबला.

होकार ओठांवर आला होता. खोटं कशाला बोलू. एक शब्द, आणि अब्बांना त्यांची जागा परत. तो शब्द म्हणायची सवय तर जन्माची.

"सई," मी म्हणाले, "चेंडू पाण्यात गेला याचं मला वाईट वाटतं. मारला याचं नाही. असंच सांग त्यांना. याच शब्दांत."

"पण काकांचं..."

"ती खोली त्यांनी काढून घेतलीय. मी नाही. तेही सांग."

अब्बांचा हात पुन्हा चालू झाला. सई गेली. तिचा चहा तसाच राहिला होता.

अब्बा आता बाजारातच, घराच्या ओट्यावर बसून शिवतात. शाळेची दप्तरं, सामानाच्या बॅगा. काम कमी झालंय. त्याचा भार माझ्यावर आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. मी वारज्याच्या पुढे एकाने जाळी लावून सरावाची जागा केलीय, तिथे शिकवते आणि खेळते. ज्या स्पर्धेत एकटीचं नाव देता येतं तिथेच नाव देते. जोडीला खेळायला बोलावणी आली होती. मी प्रत्येकीला एकच विचारलं, आधी कोण खेळणार? एकीनेही नीट उत्तर दिलं नाही. मी गेले नाही.

कधी मी जपून खेळते. कधी थेट मारते. पुष्कळदा हरते. कुठे काय करायचं ते टीवर उभी राहून मी ठरवते. माझ्या बॅगेला दुसऱ्या कोणाचा हात मी यापुढे लागू देणार नाही.