उचललेली दाद

उत्तरेश्वर लातूरकडचा. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी मंडईजवळच्या छोट्या सभागृहात लॅपटॉपवर संगीत वाजवायचा. वाजवायचा म्हणजे मान खाली घालून बटणं दाबायचा. पहिल्याच कार्यक्रमानंतर एका काकूंनी विचारलं, "छान होतं हो. पण आपण वाजवत होतात, की ऑफिसचं काम उरकत होतात?"

हे त्याला लागलं. श्रोत्यांना सामील करून घ्यायचं म्हणून त्याने पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर माइक लावला. त्यांचे खोकले, कुजबुज तिथल्या तिथे संगीतात मिसळायची, असा बेत. माइक बघून लोक जास्तच गप्प बसले. फक्त पहिल्या रांगेतले निवृत्त मास्तर, यज्ञेश्वर आपटे, एका जागी "वा!" म्हणाले आणि मागे रेलले. खुर्ची करकरली. उत्तरेश्वरच्या आयुष्यातली ही पहिली दाद. त्याने ती करकरीसकट साठवून ठेवली.

आणि वापरायला लागला. सभागृह फारच थंड पडलं की एक बटण. "वा!" मागोमाग करकर. कुणीतरी सुरुवात केली म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर यायचा. माना हलू लागल्या, खुर्च्या कमी पडू लागल्या.

चार महिन्यांनी आपटेकाका कार्यक्रमाच्या तासभर आधीच येऊन उभे राहिले.

"अहो, तो 'वा' माझा आहे."

उत्तरेश्वर ओशाळला. "सॉरी काका, विचारायला हवं होतं."

"विचारायचं राहू द्या. परत द्या."

तो हसला. काका हसले नाहीत.

"त्या दिवसापासून माझ्या तोंडून दाद निघत नाही. गाणं ऐकतो, मान हलते, हात वर जातो, आणि पुढे काही नाही. सुनेला वाटतं, ठसका लागला."

"आत्ता म्हणून बघा ना."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढं घडाघडा बोलणारा माणूस त्या एका अक्षरापुरता मुका! ते बटण गेलं तर सभागृह पुन्हा थंड पडणार, हे उत्तरेश्वरला पक्कं ठाऊक होतं. तरी काकांच्या डोळ्यांदेखत त्याने तो आवाज पुसला, अगदी एकही प्रत न ठेवता.

त्या दिवशी अर्धा तास कुणी हललं नाही. पासपोर्टच्या रांगेत बसावं तसे सगळे बसलेले. उत्तरेश्वर पहिल्यांदाच मान वर करून, काकांच्या चेहऱ्याकडे बघत वाजवत होता. एका वळणावर सूर असा लागला की तो स्वतःच चमकला. काकांचा हात वर गेला.

"वा!"

काकांचाच आवाज, काकांच्याच तोंडून. उत्तरेश्वरला भरून आलं.

काका पुढे झुकून बसले होते. मागे रेललेच नव्हते. खुर्ची जागची हलली नव्हती. आणि त्यांच्या उघड्या राहिलेल्या तोंडातून, 'वा'च्या मागोमाग, करकर आली.

टाळ्या पडल्या. काका तृप्त होऊन मान डोलावत होते. उत्तरेश्वरने मान खाली घातली आणि ऑफिसचं काम उरकावं तशी बटणं दाबत राहिला.