हकीमसाहेबांच्या अंगठीचा धातू

"आता नाव सांगाय हरकत न्हाई," असं म्हणत शिवलिंगप्पांनी अंगठीची डबी खिशात घातली आणि कमलनगरच्या हकीमसाहेबांचं नाव सांगितलं. ते ऐकून मी त्यांचा हातच धरला. अंगठी तयार होती, पॉलिश झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलनगरात भर सभेत ती हकीमसाहेबांच्या बोटात जायची होती. आणि ती सोन्याची होती.

बीदरला माझं सोनारकामाचं दुकान होतं. शिवलिंगप्पा हे कमलनगरचे धान्याचे व्यापारी. लिंगायत माणूस, घरात कानडी आणि बाजारात मराठी. महिनाभर आधी ते आईला, गौराव्वांना, घेऊन माझ्याकडं आले होते. अव्वांनी कानातली हिऱ्याची कुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यातला मधला मोठा हिरा काढून पुरुषाची अंगठी करायची होती. जोडीतली एक कुडी मोडायला बाईमाणूस सहजी तयार होत नाही, तेव्हा काम साधं नाही एवढं मला कळलं. पण अंगठी कुणाची ते मायलेक सांगेनात. मापासाठी शिवलिंगप्पांनी स्वतःचंच बोट पुढं केलं. "ह्याच्याच जाडीचं हाय. बाकी विचारू नका."

मी विचारलं नाही. सोनं मीच सुचवलं. त्याला कारण होतं. हिऱ्याच्या रंगाला आम्ही पाणी म्हणतो. या हिऱ्याचं पाणी किंचित पिवळसर होतं. पिवळा धातू भोवती असला की तो पिवळेपणा झाकला जातो. पांढऱ्या धातूत तोच डोळ्यात भरतो. निव्वळ शुद्ध सोनं मऊ असतं, खडा धरून ठेवत नाही, म्हणून थोडं तांबं घालून मी अंगठी घडवली. चांगली झाली होती. उगाच विनय कशाला दाखवू?

नाव लपवण्याचं कारण त्या दिवशी कळलं. निजामाच्या राज्यातल्या गडबडीच्या साली हत्यारं घेतलेली माणसं शिवलिंगप्पांच्या धाकट्या भावाला शोधत आली होती. हकीमसाहेबांनी त्याला आपल्या घरात, आतल्या खोलीत झोपवलं, वर पांघरूण घातलं आणि दारात उभं राहून सांगितलं, आत देवीचा रोगी आहे, यायचं त्यानं यावं. कुणी आत पाऊल टाकलं नाही. पुढं निजामावर पोलीस ॲक्शन झाली आणि वारं फिरलं. आता घाबरून राहायची पाळी हकीमसाहेबांच्या घरावर आली. त्यांच्याकडून आयुष्यभर औषध घेतलेले लोकही रस्ता बदलून जायला लागले. शेवटी म्हातारा घर आवरून हैदराबादला मुलाकडं निघाला होता. शिवलिंगप्पांनी गावातल्या काही लोकांना जमवून निरोपाची सभा ठेवली होती, आणि ती व्हावी असं सगळ्यांनाच वाटत होतं असं नाही.

"आमच्यातलेच काहीजण म्हणायलेत," शिवलिंगप्पा सांगू लागले, "तुमी हिरा द्या न्हाईतर माणिक द्या, तो तुमच्या हातचं बोटात घालणार न्हाई. म्हटलं, घालत्यात का न्हाई ते उद्या समद्यांसमोर बघा!"

मी म्हणालो, "अप्पा, ते खरंच घालणार न्हाईत."

"कामून?"

"मुसलमानात धर्म पाळणारे पुरुष सोनं अंगावर घालत न्हाईत. बायकांना चालतं."

शिवलिंगप्पा हसले. "काय तर बोलायलाव अण्णा! त्यांच्या घरच्या बायका सोन्यानं मढलेल्या मी बघितल्यात."

चूक झाली होती ती इथंच. बायकांच्या अंगावरचं सोनं गावानं बघितलं होतं, आणि तेवढ्यावर घरादाराची आवड ठरवली होती. सगळेच पुरुष हे पाळतात असं नाही. सोन्याच्या अंगठ्या घालणारे नवाबही माझी गिऱ्हाइकं होती. पण नमाजी माणूस माझ्याकडं आला की अकीक असो, फिरोजा असो, खडा चांदीतच मागायचा. हकीमसाहेब कुठल्या पठडीतले, हे मला तरी कुठं माहीत होतं?

"त्यांच्या हातात काय असतं?" मी विचारलं.

"काय असणार? बघितलंच न्हाई कधी."

"नाडी धरताना तरी?"

शिवलिंगप्पांनी नकळत स्वतःचं मनगट धरलं. मग हळूच म्हणाले, "तापात असताना गार लागायचं. पांढरी हाय. निळ्या खड्याची." आणि खिशातली डबी काढून माझ्या गादीवर ठेवली.

चांदीत फिरोजा. शंका फिटली आणि धीरही सुटला. उद्या हकीमसाहेब डबी घेणार, आदबीनं मिटणार आणि बाजूला ठेवणार. भल्या माणसाला दुसरं काय करता येतं? पण टपून बसलेल्यांना तेवढंच पुरे होतं. जीव वाचवणाऱ्याला शिवलिंगप्पा आपल्याच हातानं गावासमोर तोंडघशी पाडणार होते.

"प्लॅटिनम?" त्यांनी विचारलं. व्यापारी माणूस, हैदराबादेत ऐकलेलं.

"माझ्या फुंकणीच्या विस्तवाला ते दाद देत न्हाई. अन् बीदरात मिळायचं कुठून?"

"मग हिच्यावर चांदीचा मुलामा चढवा. आतलं सोनं कुणाला दिसायलंय?"

खरं सांगतो, मला राग आला. "माणूस दिवसातून पाच वेळा वजू करतो, हातपाय धुतो. मुलामा किती टिकंल? हैदराबादेत नमाजाला बसल्यावर बोटात सोनं उघडं पडलं तर काय समजंल तो? जन्माचं लबाडीत पाडाल त्याला!"

"म्हंजे निव्वळ चांदी?" त्यांचा आवाज चढला. "चांदी पायात घालत्यात अण्णा! जोडवी, पैंजण. भावाच्या जीवाच्या बदल्यात पायातला धातू द्यायचा? लोक थुंकतील माझ्या तोंडावर. आन् अव्वानं कानातलं मोडून दिलं ते काय ह्याच्यासाठी?"

हिशेब त्यांचाही चुकीचा नव्हता. आमच्या भागात सोनं कमरेखाली घालत नाहीत आणि पायात चांदीच असते. सोनं म्हणजे मान, एवढंच गावाला ठाऊक. डबी परत त्यांच्या हातात द्यावी आणि गप्प बसावं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

गौराव्वाही बरोबर आल्या होत्या आणि इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी पदराआडून गळ्यातली करडगी बाहेर काढली. करडगी म्हणजे लिंगायत लोक इष्टलिंग ज्यात ठेवून गळ्यात घालतात ती डबी. अव्वांची चांदीची होती, वापरून गुळगुळीत झालेली.

"शिवलिंगा, ह्ये कशाचं हाय रं?"

शिवलिंगप्पांचा हात आपल्या गळ्यातल्या करडगीकडं गेला.

"देव चांदीत ठिवायलाव आपण. तवा कमीपणा वाटला न्हाई व्हय?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, पेटीव शेगडी."

दिवस मावळायच्या आत त्यांना गाडी पकडायची होती. निव्वळ चांदी सोन्याइतकीच मऊ. भांड्यांवर चांदी जडवायचं बीदरी काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून मी चोख चांदीची तार आणली आणि गल्ल्यातला एक जुना हाली रुपया काढला. निजामाचा हा रुपया चांदीचा, पण त्यात तांब्याचा अंश असायचा, म्हणून कडक. दोन्ही एका मुशीत वितळवले. पट्टी ठोकली, वळवली, सांधा जोडला. हिरा बसवण्याआधी आगीचं सगळं काम उरकून घ्यावं लागतं, कारण या हिऱ्याच्या कडेला आत एक बारीक चीर होती आणि ती तापून वाढली असती.

खरी भीती हिरा सोन्यातून काढायची होती. महिन्याभरापूर्वी मीच त्याला चांगला घट्ट धरला होता, आणि आता माझंच काम मला नडत होतं. चिरेच्या बाजूला हत्यार लावायचं नाही, बाकी तीन बाजूंनी सोनं केसाकेसानं उचलायचं. शिवलिंगप्पा येरझाऱ्या घालू लागले तसा मी त्यांच्यावर ओरडलो. अव्वांनी त्यांना खाली बसवलं. हिरा सुटून फडक्यावर पडला तेव्हा मी आधी चीर बघितली. होती तेवढीच होती.

चांदीत तो पिवळसर दिसलाच. मी अव्वांना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. माझ्या कानाला लई वर्सं होता. पिवळाच हाय त्यो."

मला करमेना, म्हणून दुकान बंद करून मीही त्यांच्याबरोबर गेलो. सकाळची सभा शाळेपुढच्या लिंबाखाली होती. हकीमसाहेब घालणार नाहीत म्हणणारे लोक पुढच्या रांगेतच येऊन बसले होते. अव्वांनी स्वतः डबी दिली. हकीमसाहेबांनी ती उघडली आणि नुसते बघत राहिले. त्यांनी अंगठी उचलली, उजेडाकडं धरली, नखानं धातू खरवडून पाहिला. मग त्यांनी बोटातली फिरोज्याची अंगठी काढून खिशात टाकली आणि ही घातली. सैल नाही, घट्ट नाही. हात वर करून सगळ्या सभेला दाखवला. आणि अव्वांना म्हणाले, "अम्मा, ये हाथ से अच्छे होको लोगां मेरेकू सोने की अंगूठ्यां बहुत दिये. सब सन्दूक में पड़ी हैं. उम्र गुजर गई, उंगली में पैनने की ये पैली मिली."

पुढच्या रांगेतले लोक पायांकडं बघत बसले. त्यातल्या एकाला हकीमसाहेबांनी लहानपणी नारू काढून बरं केलं होतं, असं मागून कळलं.

चांदी काळी पडते, ओरखडते, जोर लागला तर वाकते. हे दोष मी आजही गिऱ्हाइकाला आधी सांगतो. सोन्याचे, प्लॅटिनमचे गुणही सांगतो. पण हिरा कितीही मोलाचा असला तरी धातूचं नाव मात्र घालणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय तोंडातून काढत नाही.