पिकअपच्या नंबरातली अक्षरं

निरगुडसरच्या फाट्यावर जीप भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्या वेळात तहसील कचेरीतले एक क्लार्क माझ्या बायकोशी खेळत बसतात. टोमॅटोचा पिकअप गेला की त्याच्या नंबरातली दोन अक्षरं धरायची आणि ती ज्यात येतात असा इंग्रजी शब्द सांगायचा. ज्याचा शब्द लांब तो जिंकला. बायको शाळेत इंग्रजी शिकवते. मी वारूळवाडीत पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतो, त्यामुळे मला कोणी विचारत नाही.

त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री असते आणि खिशात बडीशेपेची डबी. डबी आधी तिच्यापुढं येते, मग माझ्यापुढं. प्रत्येक शब्दाची अक्षरं ते मांडीवर बोटं आपटून मोजतात. त्या बोटांचा मला लई राग येतो.

परवा पी आणि एल आलं. बायको म्हणाली, "मल्टिप्लिकेशन." त्यांनी मोठ्यानं मोजलं, चौदा भरली. मग स्वतःच्या शब्दाची अक्षरं मनातच मोजायला लागले. बोटं माझ्या शेजारीच चालली होती, म्हणून मीही मोजली. ती चौदाच्या पुढं गेली, आणि मग त्यांनी मूठ मिटली.

"हरलो वहिनी. आज काय सुचंना राव."

बायको नारायणगावापर्यंत हसत होती. मी तिला साध्या कॅरममध्येही कधी जिंकू दिलेलं नाही.

उतरल्यावर मी म्हणालो, "त्यांना मोठा शब्द येत व्हता. मुद्दाम हरले ते."

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि बडीशेप चावत शाळेकडं वळली.