सेंटोसाला मी माझ्या इच्छेने गेले

माझ्या दोघा लाडक्यांनो,

हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील, कारण तुम्हाला मराठी समजतं पण वाचायचा कंटाळा येतो. तिला मी आधीच बजावलं आहे की एकही ओळ गाळायची नाही, आणि जिथे तिच्या भावाची चूक आहे तिथे आवाज बारीक करायचा नाही.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गेल्या रविवारचा व्हिडिओ कॉल. थोरली म्हणाली, शाळेत घरातली एखादी खरी गोष्ट लिहायची आहे आणि ती आजोबांच्या शेवटच्या इच्छेबद्दल लिहिणार आहे. आजोबा जाण्याआधी मामाला म्हणाले, "तुझ्या आईला सेंटोसा दाखव," आणि मामाने ती इच्छा पुरी केली. ऐकायला गोड गोष्ट आहे. त्यात सेंटोसा तेवढा खरा आहे.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे एक गोष्ट शिकले. कार्डावर चुकीची नोंद झाली की पुस्तक कपाटात असूनही हरवल्यासारखंच. ते कुणालाही सापडत नाही. तुमच्या आजोबांची तशी चुकीची नोंद होते आहे आणि मी जिवंत असताना ती होऊ देणार नाही.

तर खरं काय ते ऐका.

आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना माणसाने बांधलेल्या वस्तूंपैकी फक्त उपयोगाच्या वस्तू आवडत. धरण, पूल, कालवा. मौजेसाठी बांधलेलं काहीही त्यांना पटत नसे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मिळून सिंगापूरला आलो होतो. मामाचा फ्लॅट तेव्हाही क्लेमेंटीलाच होता. सहा आठवड्यांत आम्ही बोटॅनिक गार्डनला तीनदा गेलो आणि एका जलाशयाभोवती चार वेळा चाललो. मी सेंटोसाचं, तिथल्या मौजमजेच्या बेटाचं, नाव काढलं की ते म्हणत, "जत्रा आहे ती." तिथल्या मत्स्यालयाचं नाव काढलं की म्हणत, "मी जन्मभर धरणं बांधली, आता मला पाण्याची टाकी दाखवतेस?" केबल कारचं नाव काढलं की नुसतं वर्तमानपत्र उलटत. मी गेले नाही. त्यांनी अडवलं असं नाही म्हणणार मी, पण एकट्याने जायचं मला सुचलंही नाही. ती चूक माझी.

नंतर ते गेले. जानेवारीत. सप्टेंबरमध्ये मी मामाकडे होते आणि तुमच्या मामेबहिणीला आठवड्याची सुट्टी लागली. ती नऊ वर्षांची. मामी म्हणाली, "आई, कुठे जाऊया सांगा. परत जलाशय?" मी म्हटलं, "सेंटोसा." मामाने मान वर केली. "आई, नक्की?" मी म्हटलं, "नक्की. आणि सगळं बघायचं. अर्ध्यातून परत यायचं नाही."

मी पिवळा कुडता घातला. हेही लिहून ठेवते, कारण पुढे त्याचीही चर्चा झाली.

केबल कार डोंगरावरून सुटते आणि बंदरावरून पलीकडे बेटावर जाते. खाली मोठी प्रवासी जहाजं उभी होती, इमारती आडव्या ठेवल्यासारखी. मामाने डोळे मिटून घेतले होते, त्याला उंची सोसत नाही. मामेबहीण त्याला सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "डॅडी, ओपन युवर आइज लाह, आज्जी पण बघतेय." मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. इतकं सोपं होतं हे, आणि मी इतकी वर्षं त्या वर्तमानपत्राच्या उलटण्याला घाबरले.

मग मत्स्यालय. एका दालनात भिंतीच्या जागी काच आहे, आपल्या पुण्याच्या इमारतीएवढी उंच, आणि तिच्यामागे समुद्र. एक चपटा, रुंद मासा वर आला, काचेपाशी उलटला आणि त्याचं पांढरं पोट दिसलं. तव्यावरची पोळी उलटावी तसा, घाई नाही, आवाज नाही. मी तिथे जमिनीवर बसले. सगळेच बसतात. पाऊण तास बसले. मामी दोनदा येऊन बघून गेली, मी बरी आहे ना म्हणून. मी बरी होते. आठ महिन्यांत इतकी बरी नव्हते.

बाहेर आलो तर समोरच ते मोठं रिसॉर्ट. हॉटेलं, दुकानं, खेळांचं पार्क आणि त्याच्या पोटात कॅसिनो. दाराशी कॅसिनोची झगमगती पाटी होती. मामेबहीण म्हणाली, "आज्जी, इथे फोटो!" मी उभी राहिले, चेहरा नीट केला. ती म्हणाली, "आज्जी, तू स्माइल करतेयस की डेंटिस्टकडे आलीयस?" आणि मी तोंड उघडं टाकून हसले. मामीने नेमका तो क्षण टिपला आणि आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकला.

म्हणजे तिला तसं वाटलं. तो गेला एकेचाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर.

आम्ही जेवायला बसलो होतो. समोर वाफाळतं लाक्सा होतं, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया, माझ्यासाठी भात आणि टोफू. फोन वाजायला लागले. पहिला संदेश माझ्या नणंदेचा, म्हणजे तुमच्या आत्याआजीचा. त्या आजोबांहून सहा वर्षांनी मोठ्या, पुण्यात असतात. त्यांनी लिहिलं होतं, "अजून वर्षसुद्धा झालं नाही. पक्षपंधरवडा चालू आहे. कॅसिनो?"

एवढंच. खाली एकाही माणसाचा शब्द नाही. एकेचाळीस माणसं गप्प बसली की ते फोनमधूनही ऐकू येतं.

मामी रडकुंडीला आली. "आई, सॉरी, माझं चुकलं, मी डिलीट करते."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मी काही चोरी केलेली नाही."

तेवढ्यात मामा खाली मान घालून काहीतरी टाइप करत होता. मी चष्मा लावून वाचलं. "आत्या, बाबांचीच इच्छा होती. जाण्याआधी म्हणाले होते, आईला सेंटोसा दाखव. म्हणून आणलं." आणि बघता बघता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, किती थोर मन. कुणी लिहिलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. शेवटी आत्याआजींचं आलं, "माझा भाऊ तसाच होता. जाता जाताही तिचा विचार."

मामाने घास घेतला. "मिटलं."

"काय मिटलं?" मी विचारलं. "बाबा असं कधी म्हणाले?"

"आई, म्हणाले नसतील. पण म्हणू शकले असते."

"नसते म्हणू शकले. तू त्यांना ओळखतोस ना? ते म्हणाले असते, जत्रा आहे."

"अगं पण सगळे शांत झालेत! आत्या ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना बरं वाटलं. तुला कोणी बोलणार नाही. कशाला उकरतेस?"

"मला कोणी बोलू नये म्हणून तू तुझ्या बापाला बदललंस."

मामी म्हणाली, "आई, तो तुमच्यासाठीच..." मी म्हटलं, "माहीत आहे ग. म्हणूनच ओरडत नाहीये."

मामेबहीण टोफू खात सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "सो आजोबा नेव्हर सेड? दॅट्स लाइंग, डॅडी." मामा तिला म्हणाला, "तू जेव."

मुलांनो, तुमच्या मामाचं मन चांगलं आहे हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. पण मला त्या क्षणी जे कळलं ते असं. ही थाप तशीच राहिली असती तर दोन माणसं नाहीशी झाली असती. एक म्हणजे तुमचे आजोबा, जे हट्टी होते, ज्यांना जत्रा आवडत नसे आणि जे कुणाला बरं वाटावं म्हणून कधीही काही बोलले नाहीत. दुसरी मी, जिला सेंटोसाला जायचं होतं. बाईला जायचं होतं एवढं कारण पुरत नाही, त्याला मेलेल्या नवऱ्याची सही लागते, हे मी माझ्या नावावर चालवून घेणार नव्हते.

पण ग्रुपवर चारचौघांत लिहायचं मला बरं वाटेना. भाऊ गेलेल्या बाईला ते फोनच्या पडद्यावर वाचावं लागलं असतं. मी उठले, बाहेर एका कठड्यापाशी गेले आणि आत्याआजींना फोन लावला.

"बोल," त्या म्हणाल्या. आवाज भरलेला होता. "मी उगाच लिहिलं ग. मला काय माहीत, त्याची इच्छा होती."

"वन्सं, त्यांची इच्छा नव्हती. मुलाने माझ्यासाठी खोटं लिहिलं. मला यायचं होतं म्हणून मी आले."

 

"मग तो काय म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"म्हणायचे, जत्रा आहे. मत्स्यालयाला पाण्याची टाकी म्हणायचे."

त्या हसल्या. नाकातून, जेमतेम. "हं. हा मात्र तोच. मघाशी वाचलं तेव्हा वाटलंच, शेवटी शेवटी इतका मऊ कसा झाला." मग लगेच आवाज चढला. "पण तू जायला नको होतंस. वर्ष तरी थांबायचं."

"गेले, वन्सं."

"दिसतंय ते. पिवळं घालून."

"हो. पिवळं घालून."

"आणि आत जाऊन जुगार खेळलीस?"

"नाही. दाराशी नुसता फोटो काढला."

"लोकांना काय ते दिसतंय थोडंच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी परत आले आणि मामाला म्हटलं, "आत्यांना खरं सांगितलं. आता मी कॅसिनोत जाऊन येते. आरोप झालाच आहे तर निदान खरा तरी होऊ दे."

मामाने कपाळाला हात लावला. त्याला आणि मामीला आत जायचं तर पैसे भरावे लागतात, ती दोघं इथली कायमची रहिवासी. लहान मुलांना तर प्रवेशच नाही. मी परदेशी, पासपोर्ट दाखवला की झालं. म्हणून मी एकटीच गेले. दारावरच्या तरुणाने माझा पासपोर्ट बघितला, मला बघितलं आणि "एन्जॉय, मॅडम" म्हणाला.

आत मी वीस मिनिटं होते. कुणी हसत नव्हतं हे पहिलं लक्षात आलं. माझ्या वयाच्या बायका होत्या, पुष्कळ, अंगावर स्वेटर, कारण आत गारठा. प्रत्येकीच्या समोर एक यंत्र. बटण दाबायचं, बघायचं, परत दाबायचं. दळण दळणारी बाईसुद्धा दळताना गाणं म्हणते, इथे तेवढंही नाही. मी एकीच्या शेजारी रिकाम्या खुर्चीवर टेकले. ती चिनी होती, माझ्याहून थोडी थोरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फर्स्ट टाइम?"

"यस."

"गुड. गो होम."

मी बटणाला हात न लावता उठले. कुणाच्या भीतीने नाही, मला कंटाळा आला. बाहेर मामेबहिणीने विचारलं, "जिंकलीस?" मी म्हटलं, "नाही. आजोबा जिंकले. ही खरंच जत्रा आहे, आणि तीही वाईट."

परतीच्या वाटेवर, क्लेमेंटीला जाणाऱ्या मेट्रोत बसल्यावर, मी ग्रुपवर एक ओळ लिहिली. "सेंटोसाला मी माझ्या इच्छेने आले. कळावे." मामाने ती वाचली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

हात जोडायला मात्र कुणी आलं नाही. खरं एका ओळीत होतं आणि खोट्याला गोष्ट होती, म्हणून खोटं जास्त दूर गेलं. त्या वेळी तुमच्याकडे रात्र होती. तुमच्या आईने सकाळी उठून मामाचा संदेश वाचला, डोळे पुसले आणि तुम्हाला नाश्त्याच्या टेबलावर सांगून टाकलं. माझ्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. जानेवारीत वर्षश्राद्धाला पुण्यात एक दूरचे दीर मला म्हणाले, "वहिनी, शेवटची इच्छा पुरी झाली हे फार बरं झालं." मी हातातलं ताट खाली ठेवून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांची आमटी गार झाली. आत्याआजी पलीकडच्या पाटावर होत्या. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "खरं आहे तिचं. तो असं काही बोलला नव्हता. आणि तिने जायला नको होतं, हेही खरं." आम्ही दोघी आता दर गुरुवारी फोनवर बोलतो आणि त्या महिन्यातून एकदा तरी हे वाक्य म्हणतात. मी म्हणू देते. त्यांना ते वाटतं, म्हणून त्या म्हणतात. मला ते चालतं.

थोरले, तुला शाळेत लिहायचं असेल तर हे लिही. त्यात कुणाची शेवटची इच्छा नाही, बाईंना कदाचित आवडणार नाही. तरीही.

आजोबांचे कपडे मी वाटून टाकले. त्यांची पुस्तकं कॉलेजला दिली, स्कूटर विकली, घड्याळ तुमच्या आईने नेलं. कॅसिनोबद्दल ते बरोबर होते, मत्स्यालयाबद्दल चूक, आणि केबल कारबद्दल तर साफ चूक. हे मी त्यांना अजून रोज सांगते. ते अजून ऐकत नाहीत. आमचा हा वाद शिल्लक आहे.